घंटीची दोरी

कोल्हापूर,
२२ नोव्हेंबर २००३

प्रिय प्रसेन,

जयभीम. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं जागच्या जागी आहे. दर रविवारी फोनवर बोलतोच, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि आबा त्याच खोलीत बसलेले असतात. हल्ली त्यांचे कान इतके तिखट झालेत, की मी स्वयंपाकघरात डबा उघडला तर तो साखरेचा की चहाचा तेही त्यांना बसल्या जागी कळतं. म्हणून लायब्ररीत, दुपारी मुलं कमी असतात तेव्हा हे लिहिते आहे. रविवारी फोनवर यातलं एक अक्षरही काढू नकोस.

गोष्ट त्या मांजराचीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत तू आलास तेव्हा आबांना त्याला दोरी लावून गल्लीतून नेताना बघितलंस आणि तुझा चेहरा पडला. पण त्याची सुरुवात तुला माहीत नाही. नाव त्यांनीच ठेवलं होतं, एशियाड. थांबा असो नसो, कुणी हात करो न करो, एसटीच्या एशियाड गाडीसारखं तोऱ्यात निघून जातं, म्हणून. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी लक्ष्मीपुरीतून कुत्र्याचा गळपट्टा आणला. मांजरानं दोन झटक्यांत त्यातून मान काढून घेतली. मग गणपतराव कंडक्टर मध्ये पडले. त्यांनी ओळखीच्या चप्पलवाल्याकडून मऊ कातड्याचा, गळ्यावरून आणि पुढच्या पायांमागून जाणारा पट्टा करून आणला, आणि त्याला बांधायला जुन्या गाडीतली घंटीची दोरी दिली. कंडक्टर ओढतात ती, छताला असते ती. आबांची जुनी गाडी भंगारात निघाली तेव्हा गणपतरावांनी आठवण म्हणून ती काढून ठेवली होती म्हणे.

पहिल्या दिवशी पट्टा अंगावर चढला आणि मांजर एका कुशीवर आडवं पडलं ते उठेचना. मी म्हटलं, आबा, काढा ते, मुकं जनावर आहे. ते म्हणाले, "मरत न्हाय त्ये. नाटक हाय. नवीन पोरगं पैल्यांदा आंबोलीच्या घाटात गाडी घालतं तवा असंच हातपाय सोडतंय." मग त्यांनी सुकट पुढे ठेवली. पट्टा घातला की सुकट मिळते, एवढं त्या मांजराच्या डोक्यात बसेपर्यंत त्यांनी दुसरं काही केलंच नाही. नंतर दोरी लावून नुसती सोडून दिली. मांजर घरभर ती मागे ओढत फिरायचं आणि खाटेच्या पायाला गुरफटायचं. मग कधी तरी आबांनी तिचं टोक हातात धरलं. पण ओढायची नाही, हा त्यांचा नियम. मांजर उभं राहिलं की हेही उभे. दारातल्या पायरीवर दोघं असे किती वेळ उभे राहायचे ते सांगत नाही, तुला खोटं वाटेल. एक बारीक हिसका म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, कंडक्टरच्या घंटीसारखं. 'थांब' ते मांजर आजतागायत शिकलेलं नाही. 'चल' मात्र शिकलं. गळ्यात एक घुंगरूही आलं. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, कुणाच्या पायात येऊ ने म्हणून.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही तर मी अस्वस्थ होते, आणि कळलं तर तेच खरं असेल का म्हणून अस्वस्थ होते. ज्या माणसानं जन्मभर स्टेअरिंग सोडून काही हातात धरलं नाही, आईनं पाळलेल्या शेळीला कधी पाला घातला नाही, त्याला या वयात मांजर फिरवायचं सुचतं, याच्यामागे काही तरी असणारच असं माझ्या मनानं घेतलं. आणि एकदा घेतलं की मग सगळ्याचाच वास येऊ लागला. पेपर हातात धरून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. टीव्ही लावला की तोंड दुसरीकडे. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. एकदा मी झाडण्यासाठी खाट हातभर सरकवली, तर माझ्यावर असे ओरडले की शेजारची माणसं दारात आली. ते बाहेर गेल्यावर मी खाटेखाली वाकून बघितलं. त्यांच्या खाकी कपड्यांची जुनी ट्रंक होती, ती उघडून बघितली. कपडेच होते. ट्रंक परत लावताना मला माझीच लाज वाटली, पण संशय काही कमी झाला नाही.

मग मी त्यांच्यामागे गेले. सरळ विचारायला हवं होतं. वडिलांच्या मागे चोरासारखं जावं की जाऊ नये यावर विचार करत मी निघाले, आणि विचार पुरा होईतो केरबाची गिरणी आली होती. तुला रस्ता आठवतोच. घरापासून गिरणी, पुढे वळणावर चिमणाबाई भाजीच्या पाट्या लावून बसते ती जागा, आणि मग तिकटीवर बाळासो टेलरचं दुकान. तिथून डावीकडे वळलं की तालमीचा कट्टा, जिथे गणपतराव आणि आणखी एकदोन रिटायर झालेले संध्याकाळी बसतात. न वळता सरळ गेलं तर प्रवासी कोंबून वडापच्या जिपा धावतात तो मोठा रस्ता.

गिरणीपाशी केरबानं पिठानं पांढरा झालेला हात वर केला आणि गिरणीच्या आवाजावर आवाज काढला, "काय वो डायव्हर, कुटं निघाली सरकारस्वारी? गिरणीत उंदरं लय झाल्यात, चार दिवस ठेवून जा की पावण्याला." आबा तिकडे मान वळवून म्हणाले, "तुझ्या गिरणीचं पीठ खाऊन मेलं तर भरून कोण देणार?" पुढे चिमणाबाई. "आलासा का जावयाला घिऊन? बसा म्हणावं. काय खातोय, वांगी का दोडका?" आणि बाळासो तर मशीन थांबवून दारातच आला. "डायव्हर, थंडी पडाय लागली, ह्याला फुल प्यांट शिवू का?" आबा म्हणाले, "शिव की. शेपटाला भोक ठेव म्हंजे झालं. तुझ्या प्यांटीत बाकी समदी भोकं असत्यातच." दुकानातली गिऱ्हाइकं हसली आणि आबा डावीकडे वळले. वाटेत ज्याला त्याला काही तरी बोलायचं होतंच. पोरं घुंगराचा आवाज काढायची, सायकलवाले घंटी मारायचे. दोरीच्या टोकाला मांजर होतं आणि मागे आपले आबा होते, आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

तुला जे वाटलं तेच मलाही वाटलं होतं, हे मला तुला सांगायचं आहे. हे हसणं साधं आहे की यात जुनं काही आहे? इथे चाळीस वर्षं राहिलो, एकमेकांच्या घरी जेवलो, तरी असा प्रश्न माझ्या मनात येतोच. त्याला मी तरी काय करू? शेवटी धीर करून आबांना विचारलं, लोक असं बोलतात ते तुम्हाला लागत नाही? ते मांजराच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "नेसरीला ल्हान असताना आमाला हाक यायची ती लांब सर म्हणून. ही माणसं बलवून टिंगल करत्यात. त्यातला फरक मला कळतोय, तू नगं शिकवूस."

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण चिमणाबाईचं माझ्या डोक्यातून जाईना. आबा सगळ्यांत जास्त वेळ तिच्यापाशीच थांबायचे. एका संध्याकाळी मी कोपऱ्यावरून बघितलं. ते वांगी अंगठ्यानं दाबून दाबून घेत होते, आणि चिमणाबाईनं त्यांचं मनगट धरून हात पिशवीच्या तोंडाशी नेला. हात धरला, प्रसेन, भर रस्त्यात. मी घरी येऊन भात करपवला. आईला जाऊन बारा वर्षं झाली, त्यांना सोबत हवीशी वाटली तर त्यात काय वाईट, असं मी स्वतःला समजावलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्या बाईकडची कोथिंबीर मी आणली नाही. मांजर हे सगळं निमित्त आहे, अशी माझी खात्री झाली होती.

मग तू आलास. तुझ्यावरही मी संशय घेतला, तेही लिहिते. तू मुलांना खेळवता खेळवता टेपनं बाहेरच्या खोलीची मापं घेतलीस. मी बघितलं. मार्चनंतर आबांना पुण्याला न्यायचं आणि या घराचं काही तरी बघायचं, हे तू मला बोललास. पण मापं घेतोयस हे बोलला नाहीस. असो. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आबांना हसणारी गल्ली तू बघितलीस, आणि दुपारी एकटाच दुकानादुकानांतून हिंडून हात जोडलेस. या माणसानं सगळी हयात घाटात गाडी चालवली, एकाला खरचटू दिलं नाही, त्यांच्या वयाचा तरी मान ठेवा, असं म्हणालास. बाळासोनं मला हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. "साहेब एवढा मोठा माणूस, आमच्यापुढं हात जोडून हुबा ऱ्हायला. आता आमी कशाला त्वांड उघडतोय, ताई?" त्या दिवशी मला बरं वाटलं. मला महिनोन्महिने जे जमलं नव्हतं ते तू एका दुपारी केलंस, आणि मला तुझा अभिमान वाटला.

तू गेलास आणि दोनतीन दिवसांत आबा उशिरा येऊ लागले. एकदा नडगी सोलवटली होती. म्हणाले, मांजर आडवं आलं. एकदा चपलेत चिखल होता, आणि आपल्या गल्लीत चिखल नाही. मी लगेच चिमणाबाईच्या नावानं बोटं मोडली. गेल्या मंगळवारी लायब्ररीतून लवकर निघाले आणि पुन्हा त्यांच्यामागे गेले, या वेळी काही विचार न करता.

गिरणीपाशी केरबानं त्यांना बघितलं आणि चक्कीचा पट्टा बंद केला. गिरणीचा आवाज थांबला. तो दारात अदबीनं उभा राहिला. आबा जरा थबकले, मान इकडची तिकडे केली आणि पुढे गेले. वळणावर चिमणाबाई काही बोलली नाही, तेवढी मोठ्यानं खोकली. आबा त्या बाजूला वळले आणि वळण नीट घेतलं. मला वाटलं, बाईला सर्दी झाली असेल. सायकलवालेही हळूच बाजूनं गेले. गल्ली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. घुंगरू तेवढं वाजत होतं. मग तिकटी आली. बाळासो दुकानाच्या पायरीवर आला आणि त्यानं आबांना वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. चार हातांवर होता. आबांचा चेहरा सरळ त्याच्याकडे होता. त्यांनी नमस्कार घेतला नाही.

प्रसेन, आपले आबा. डेपोतल्या झाडूवालीचा नमस्कारही ज्यांनी कधी रिकामा जाऊ दिला नाही ते. ते बाळासोच्या जोडलेल्या हातांकडे तोंड करून उभे होते आणि कान देऊन कशाची तरी वाट बघत होते. मग त्यांनी दोरीला दोन हिसके दिले आणि सरळ निघाले. वळले नाहीत. पुढे मोठा रस्ता होता. मांजर एका उभ्या टेम्पोखाली शिरलं, दोरी ताणली, आणि आबा रस्त्याच्या कडेला, कडेला म्हणजे जवळजवळ रस्त्यातच, उभे राहिले. वडापची एक जीप हॉर्न मारत अंगावरून गेली. तेव्हा खाट, पेपर, टीव्ही, वांगी, मनगट, सगळं मला एकदम कळलं.

धावत जाऊन हात धरावा असं वाटलं. मग वाटलं, गल्लीसमोर हात धरला तर हा माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही. तुला माहीत आहे, मी लायब्ररीत पोरांना गप्प बसा एवढंच मोठ्यानं म्हणते. पण मी बाळासोच्या पायरीवर चढले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "काय वो डायव्हर, डेपो मागं ऱ्हायला की. मिरजेला निघालासा काय?" बाळासो माझ्याकडे बघतच राहिला. आबा हलले नाहीत. मग तिकडूनच म्हणाले, "कोण? नवीन प्यासेंजर दिसतंय." मी म्हटलं, व्हय, नवीन हाय, आणि गाडी रिव्हर्स येती का न्हाय ते बघाय थांबलोय. ते मांजराला टेम्पोखालून चुचकारून काढायला लागले. मी तोंडाला येईल ते बोलत राहिले, मांजराच्या बापापर्यंत गेले. त्या आवाजाच्या धाग्यानं ते परत तिकटीला आले, आणि माझ्या शेजारून डावीकडे वळताना हळूच म्हणाले, "आवाज बरा हाय की तुझा. शाळंत काढला असतास तर वक्तृत्वात नंबर आला असता."

घरी आल्यावर त्यांनी मांजराचा पट्टा काढला आणि मी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी मी गणपतरावांना गाठलं. त्यांनी आधी टाळलं, मग सांगितलं. काचबिंदू आहे, पार शेवटच्या टप्प्यातला. दोघं मिळून मिरजेला डॉक्टरांकडे जाऊन येतात, मला सांगतात गडहिंग्लजला लग्न आहे. औषधाचे थेंब तेच कट्ट्यावर घालतात, पेपरही तेच वाचून दाखवतात. जे दिसणं गेलं ते परत येणार नाही. काठाकाठानं जे उरलंय ते राहावं यासाठी थेंब. "डायव्हरचं डोळं गेलं म्हंजे काय ऱ्हायलं, गणपा, पोरांस्नी बोलायचं न्हाय," अशी शपथ घातली आहे. आणि मांजर? गणपतराव म्हणाले, "नुसता म्हातारा गल्लीतनं गेला तर कोन बोलतंय, पोरी? आपापल्या कामात असत्यात. मांजराला दोरी लावून गेला तर कोल्हापुरातला मुका बी त्वांड उघडंल. गिरणीचा आवाज, केरबाचा आवाज, बाळ्याचा आवाज. तुझ्या बाला थांबं कळत्यात त्यातनं." पट्टा, सुकट, दोन हिसके, पायरीवरचं ते तासन्‌तास उभं राहणं, सगळं त्यासाठी.

आता माझी अडचण बघ. मी बाळासोला म्हटलं, पूर्वीसारखं बोला की आबांशी. तो म्हणाला, "नको ताई, साहेबांना शब्द दिलाय. का बोलायचं ते तरी सांगा." ते मला सांगता येत नाही. डोळ्यांचं कळलं तर हेच लोक धावून हात धरतील, आणि तेवढी एकच गोष्ट आबांना नको आहे. चिमणाबाईला बहुतेक आधीपासून माहीत आहे. शब्द न मोडता तिला खोकता येतं, तेवढं ती करते. सध्या मी लवकर निघून रोज पायरीवर उभी राहते, पण लायब्ररी सोडून किती दिवस? तू हे वाचून पहिल्या गाडीनं त्यांना न्यायला येशील, अशी भीती मला आहे. तुझ्याकडे लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहेत, हे मला कळतं. पण तुझ्या सोसायटीत सगळे हळू बोलतात. तिथे ते खाटेवर बसून राहतील. मी हे मला एकटीला राहायचं नाही म्हणून लिहिते आहे का, हेही मी स्वतःला विचारलं. थोडं तेही असेल. पण तिकटीवर कान देऊन उभे राहिलेले आबा मी बघितलेत, ते तू बघितलेले नाहीत.

म्हणून ये. न्यायला नको, एका संध्याकाळपुरता ये. गल्लीनं शब्द तुला दिलाय, तो तुलाच मोडावा लागेल, आणि कारण न सांगता. समजावून सांगायला जाऊ नकोस, ते पुन्हा रडतील. आबा मांजर घेऊन निघाले की तू बाळासोच्या पायरीवर उभा राहा, इस्त्रीचा शर्ट असला तरी चालेल, आणि सगळ्यांच्या देखत तुझ्या वडिलांना हाक मार. डायव्हर म्हणूनच. मांजराची, दोरीची, चालण्याची, जी सुचेल ती टिंगल कर. साहेबच बोलतोय म्हटल्यावर बाळासो मागे राहणार नाही, आणि केरबा तर वाटच बघतोय. आबा उलट काही तरी लागेल असं बोलतील, तुझ्या मुलांसमोर बोलतील, तेवढं सोस. फक्त हाक मोठ्यानं मार. पुण्यातल्यासारखी नको.

तुझीच,
आक्का